माझा दगड शाळेच्या दारात

लुपुंगसाईच्या भावांनो, बहिणींनो, अकरा पोरं मोजून आपल्या चौतीस पोरांची शाळा बंद केली गेली आणि तीन वर्षं आपण गप्प आहोत. म्हणून मी, तुराम बिरुआ, वय त्र्याहत्तर, या गावाचा मुंडा, म्हणजे गावप्रमुख, हे लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. कुणी दबाव आणलेला नाही, आणून बघावाच.

१. शेत कुळाच्या रिवाजाने पुतण्या गार्दीकडे जाईल. अडवायचा हक्क असता तर अडवलं असतं. त्याने शाळेची किल्ली ठेकेदाराला दिली. आता तिथे सिमेंटची पोती आहेत. म्हणतो, "काका, रिकामीच तर पडली होती!" रिकामी पडली नव्हती रे, केली गेली होती.

२. माझी कुऱ्हाड आणि धनुष्य पाटोर हेम्ब्रोमला. शाळेच्या तपासणीच्या सकाळी साहेबाला अडवणारा तो एकटाच. दिवस मोहाचे होते. पोरं पहाटेपासून झाडांखाली फुलं वेचत होती, दहाला शाळेत येणार होती. पाटोर म्हणाला, "थांबा की साहेब, तोवर चार फुलं तुम्हीही वेचा." साहेब म्हणाला, "मी काय दिवसभर मोकळा आहे?"

३. यात माझा गुन्हा आहे, तोही नोंदवतो. शाळेच्या मेचोबाईंनी हळूच विचारलं, "काका, सगळ्यांची नावं लिहू? येतीलच." मी म्हणालो, "समोर बसलीत तेवढीच लिही. आपण खोटं मोजत नाही." बाईंनी अकरा लिहिलं. वीसच्या खाली म्हणून शाळा गेली. खरं बोलल्याची मला लाज नाही. साहेबाला दहापर्यंत बसवून ठेवलं नाही, याची आहे.

४. चार ट्रंका पुस्तकं नात नानिकाला. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला वाचता येत नाही. नवी शाळा नदीपलीकडे, सात किलोमीटरवर. पावसाळ्यात वाट बंद. कोरड्या दिवसांत गेली, तर गुरुजी हिंदीत विचारणार, ही आपल्या बोलीत सांगणार आणि वर्ग हसणार. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "तातांग, मी शेळ्याच राखते. शेळ्या हसत नाहीत." त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलेलं नाही.

५. माझ्या हाडांवरचा दगड कुळाच्या सासनात, म्हणजे वाडवडिलांच्या दफनभूमीत, नेऊ नये. शाळेची जागा माझ्या बापाने दिली होती. हाडं तिथे, दारासमोर पुरावीत आणि रिवाजाप्रमाणे सगळ्या गावाने डोंगरावरून दगड ओढत आणून वर ठेवावा. ज्या जमिनीत आपली हाडं ती जमीन आपली. आपल्या वाडवडिलांनी दुसरा कागद कधी ठेवला नाही. कचेरीला कागद हवा असेल, तर दगड वाचायला यावं.

मी मरेपर्यंत मात्र थांबू नका. या सोमवारी सकाळी प्रत्येक घरातून आपलं पोर घेऊन शाळेसमोर या, कुलूप काढा, पोती बाहेर ठेवा आणि पोरांना आत बसवा.

तुराम बिरुआ (सही)

साक्षीदार :
मेचो सिंकू, शिक्षिका (सही)
पाटोर हेम्ब्रोम, शेतकरी (डाव्या हाताचा अंगठा)

लुपुंगसाई, १२ जानेवारी २०१९