बनाक्काचा तिसरा नंबर

६ एप्रिल, रविवार

तिसरा! तो पृथ्वीराज — तिसरा!

कुठल्याशा वेबसाइटनं यादी काढलीय — ‘इंटरनेटवरचे जिल्ह्यातले प्रभावशाली चेहरे’. माझ्यासोबत लॅबमध्ये काम करणाऱ्या संयोगितानं सकाळीच पाठवली, वर हसरे चेहरे चिकटवून. ‘तुमच्या गल्लीतला ना गं हा?’

व्हय, आमच्याच गल्लीतला. त्याची आई आजारी असायची तेव्हा माझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. आता तोच नऊवारी नेसून, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून व्हिडिओत ‘बनाक्का’ होतो. माझ्या आईचं नाव बनाबाई. नाव बदलायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही!

तिच्यासारखंच कमरेवर हात ठेवून ओरडतो — ‘मी काय वरडतो व्हय गं?’ आमच्याकडं बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, त्याच्यावरही पुण्या-मुंबईचे लोक लोळून हसतात.

आई ओरडते, कारण आमच्या मिरची कांडपाच्या गिरणीत तिची वीस वर्षं गेली. मशीन धडधडत असताना हळू बोललं तर कुणाला ऐकू जातंय? हे तो दाखवत नाही.

७ एप्रिल

चटणीचा सीझन. गिरणीत बायकांची रांग. पण आई बोलतच नाही. हातानं खुणा करते — डबा इकडं, मिरची तिकडं. एका पोरीनं मुद्दाम विचारलं, ‘मावशी, बोला की, बनाक्कासारखं!’ आईनं तोंडावरचा पदर काढलाच नाही. लोकांना वाटतं, ठसक्यासाठी बांधलाय.

त्याला सोडणार नाही.

१० एप्रिल

यादीतल्यांचा सत्कार रविवारी. कुणीही यावं म्हणे. आम्ही जाणार. शेवटी प्रेक्षकांशी गप्पा आहेत, तेव्हा आई माईक घेईल आणि चारचौघांत त्याला सांगेल. त्याचं तोंड कसं पडतं ते मला बघायचंय!

आई म्हणाली, ‘नगं गं अनुजा. त्येचं पोट चाललंय त्येच्यावर.’

मी म्हटलं, ‘तू नाही आलीस तर मी एकटी जाऊन कानाखाली काढीन त्याच्या.’

तयार झाली. माझ्या भीतीनं.

१३ एप्रिल, रविवार

रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहिते.

फेटा बांधून स्टेजवर बसला होता. गप्पा सुरू झाल्या, माईक मागून घेतला, आईच्या हातात दिला. आई उभी राहिली. ‘पिथ्वी, मी बनाबाई —’

हॉल फुटला. हसून हसून! लोकांना वाटलं, ठरवून केलंय. आई बोलतच राहिली. ‘गिरणीनं माजा आवाज असा झालाय, बाळा. गिराईक हसत्यात मला. तोंड उगडाय लाज वाटत्या. आता पुरं कर की.’ एकेका वाक्याला टाळ्या! आणि तो? एक क्षण पांढरा पडला. मग हात जोडून माईकवर ओरडला, ‘मंडळी, ही खरी बनाक्का! जोरदार टाळ्या!’

आई रडायला लागली. तरी हसतच होते. एक बाई तर डोळे पुसत होती, हसून पाणी आलेले.

मी सगळं फोनवर घेतलंय. सगळं.

१४ एप्रिल

टाकला! आईचा रडणारा चेहरा, मागं हसणारा हॉल, शेवटी त्याचे जोडलेले हात. वर एवढंच लिहिलं — ‘हसा आता.’

दुपारपर्यंत फोन गरम. लोक त्याला काय काय बोलतायत! एकेक कॉमेंट दोनदा वाचली. गोड लागतंय. हो, लागतंय गोड. खोटं कशाला लिहू?

१६ एप्रिल

वेबसाइटनं यादीतून त्याचं नाव काढलं. एका साडीवाल्यानं जाहिरात मागं घेतली. त्यानं माफीचा व्हिडिओ टाकला, त्यालाही शिव्या.

संध्याकाळी दारात आला. दाढी वाढलेली. ‘काकू हायत का? पाया पडायचंय.’

‘न्हाईत,’ म्हटलं आणि दार लावलं. तोंडावर!

आतून आईनं विचारलं, ‘कोण गं?’

‘कुणी न्हाई.’

१७ एप्रिल

गिरणीसमोर गाड्या. बायका मिरची न घेताच येतायत, फोन काढून. ‘रडलेल्या मावशी तुमीच व्हय? या की, एक फोटो!’ एकीनं आईला जवळ ओढून स्वतःच डोळ्यांतून पाणी काढलं.

आईनं दुपारीच शटर ओढलं. ऐन सीझनात.

काही का असेना, तो संपला.

१९ एप्रिल

आई सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला मामाकडं गेली. परत कधी, ते सांगितलं नाही. स्टँडवर मी पिशवी वर दिली, तेव्हा खिडकीतून म्हणाली, ‘त्यो मला हसला, खरं हाय. पर माजं रडणं त्येनं कुणाला दावलं न्हवतं.’

इतक्या हळू बोलली, की मला पुन्हा विचारावं लागलं.