गाठीवर अडखळणारा रंधा

४ मार्च

चि. धाकटोबास, अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून फुगून बसू नकोस. डाव्या कानात सतत शिट्टी वाजतेय आणि डॉक्टरांनी तीन महिने फोन, हेडफोन, गोंगाट सगळं बंद केलंय. मावशीचं घर इतकं शांत आहे की तिने चष्म्याची डबी मिटली तरी मी दचकते. तेव्हा पत्रं लिहायची आणि तुझे ते कोंबडीचे पाय मी वाचायचे, दुसरा इलाज नाही.

आता कामाचं. मैदानावरच्या संगीत महोत्सवात पहिल्यांदाच मला सूर्योदयाला वाजवायची वेळ मिळाली आणि नेमका कान रुसला. माझ्याऐवजी तू जा. निळ्या डिस्कवर चार ट्रॅक आहेत, त्याच क्रमाने वाजव. सायट्रान्स, म्हणजे माझं हे नाचायचं संगीत, म्हटलं की तुला नुसता दणका आठवतो. पण सकाळच्या वेळी लोकांना दणका नको असतो, सूर हवा असतो. मिनिटाला एकशे अडतीस ठोके, एकही वाढवायचा नाही. लोक ओरडले की तुझे हात शिवशिवतात, मी ओळखून आहे. बेस खाली चालत राहतो आणि वरचा सूर आठ मिनिटं सावकाश उलगडतो. घाई केलीस तर सगळा विचका होईल.

तिसऱ्या ट्रॅकच्या सुरुवातीला अण्णांच्या सुतारी दुकानातल्या रंध्याचा आवाज आहे, तो कापू नकोस. दोन वर्षं घातलीत या चारांवर. फलकावर नाव माझंच राहील एवढं बघ, कारण पुढच्या वर्षीची सूर्योदयाची जागा यावरच ठरेल. खोलीची किल्ली आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड तुझ्याकडे आहेच. कुंडीला पाणी घाल.

तुझ्यावर सगळं सोपवून निर्धास्त झालेली,
ताई

२३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सगळं छान पार पडलं, काळजी नसावी. गवत दवाने भिजलेलं होतं, तरी लोक चपला काढून नाचले. तिसऱ्या ट्रॅकला सूर्य वर आला आणि एक आजीबाई डोळे मिटून एकट्याच डोलत होत्या. शेवटपर्यंत त्यांचं डोलणं थांबलं नाही. ठोके वाढवले नाहीत, शपथ.

आयोजक खूश आहेत. पुढच्या वर्षाचं बोलू म्हणाले. बाकी सारं भेटीत सांगेन. तू कानाला जप, या सगळ्याचा विचारही करू नकोस. कुंडी ठीक आहे.

तुझा,
धाकटा

३० मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे हे तू जाणतेस, पण राहवलं नाही. स्पीकरच्या पेट्या आपल्या दुकानच्या, म्हणून स्क्रू तपासायला मीही मैदानावर गेलो होतो. तुझ्या त्या धडधडीला मी आजवर नावं ठेवली. त्या सकाळी मात्र पेटीला टेकून उभा राहिलो आणि चक्क पाय हलायला लागला.

आणि मध्येच माझा रंधा! हजार रंध्यांत ओळखेन. पात्याला उजव्या कोपऱ्यात दाता पडलाय, त्यामुळे लाकडात गाठ आली की तो अडखळतो आणि मग सुटतो. तू दिवसभर भुशात बसून माइक धरला होतास, जेवायलाही उठली नाहीस, ते आठवलं. डोळ्यांत पाणी आलं, भुसा नसतानाही.

फलकावर धाकट्याचं नाव बघून आधी चमकलो. मग त्याने सांगितलं की कानामुळे तू हे कायमचं सोडलंस आणि सगळे ट्रॅक आपणहून त्याला देऊन टाकलेस. एवढं मोठं मन तुझ्या आईचंच. आता त्याचा अल्बमही निघतोय. तो पोरगा प्रथमच कुठेतरी टिकला, ते तुझ्यामुळे. मावशीस नमस्कार.

तुझा,
अण्णा

१२ एप्रिल

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मावशीने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. आधी मला वाटलं होतं, मीच काहीतरी चुकीचं वाचलं.

अण्णा, मी काही सोडलेलं नाही आणि कुणाला काही दिलेलं नाही. त्याला फक्त माझ्या जागी उभं राहायला सांगितलं होतं. त्याला विचारलं, तर लिहितो की फलक आयोजकांनी परस्पर लावला, मग लोक पाठ थोपटायला लागले, आणि आता मागे फिरलं तर त्याची शोभा होईल. शिवाय ‘तुला तसंही ऐकू येत नाही, तुला त्याचा काय उपयोग’ असंही मला लिहिलंय. हे वाक्य त्याने लिहिलं, अण्णा. ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं त्याने.

मी आयोजकांनाही लिहिलं. ते म्हणतात, सगळ्या फाइलींवर त्याचं नाव आहे, तुमच्याकडे पुरावा काय? माझा कॉम्प्युटर त्याच्याकडे, खोली त्याच्याकडे. माझ्याकडे पुरावा एकच, तुमचा रंधा. तो मी कधी आणि कसा रेकॉर्ड केला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आणि धाकट्याने दुकानात कधी पाऊल टाकलं नाही हेही तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षीची यादी एक मेला ठरते. आयोजकांना दोन ओळी लिहा. मी आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

वाट बघणारी,
ढब्बू

२६ एप्रिल

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

दोन आठवडे पत्र लिहायला बसतो आणि उठतो. तुम्ही दोघंही माझीच लेकरं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊन काय मिळणार? तू हुशार, तू आणखी चार बनवशील. त्याच्या हातात हे पहिलंच काहीतरी आलंय. शिवाय पुढच्या वर्षी मैदानावरच्या सगळ्या पेट्या आपल्या दुकानातून जाणार आहेत, तेही त्याच्याच शब्दावर.

आणि रंध्याचं म्हणशील, तर मला आता वयामुळे कमी ऐकू येतं. रंधा काय, सगळीकडे सारखाच वाजतो. तो माझाच असं मी कुणाला छातीठोक कसं सांगू? तू मोठी आहेस, समजून घे. प्रकृतीस जप.

तुझा,
अण्णा

६ मे

श्री. पेटीकार सुतार यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. यादी लागली, तीत सूर्योदयाच्या वेळेपुढे नाव कुणाचं आहे ते आपण पाहिलं असेलच.

मला दोन स्पीकरच्या पेट्या हव्या आहेत. लाकूड जाड, आतून आडव्या पट्ट्या, सांधे घट्ट. जूनमध्ये मावशीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत सकाळी तीस-चाळीस माणसं नाचायला यायची आहेत. डॉक्टर म्हणतात डावा कान आता असाच राहील. उजव्यावर काम चालेल. नवे चार ट्रॅक करायला घेतलेत.

पूर्वी मी काम चालू असताना दुकानात येऊन बसत असे. या वेळी येणार नाही, टेम्पोवाला पेट्या घेऊन जाईल. नव्या ट्रॅकसाठी रंध्याचा आवाज लागणार आहे, तो इथल्याच एका सुताराकडून घेईन. रंधा सगळीकडे सारखाच वाजतो, असं जाणकार माणसाकडून कळलं आहे.

पत्राच्या शेवटी लोभाची विनंती करायची पद्धत आहे. ती जागा मी कोरी सोडते.

आपली,
एक गिऱ्हाईक