लाल रेघा

सेंदाई, जपान, २१ जानेवारी २०१३, सोमवार

आमच्या प्रयोगशाळेतली संशोधक वैदेही हिला विद्यापीठात कायम करायचं का, हे ठरवणारी समिती आज प्रयोगशाळेत आली. लेझरच्या टेबलावरच्या प्रत्येक स्क्रूवरून टेबलापर्यंत ओढलेली लाल रेघ आहे. रेघ तुटली की धक्क्याने स्क्रू हलला, हे लगेच कळतं. एका प्राध्यापकांनी विचारलं, "देशपांडे-सान, ही कल्पना कोणाची?"

"माझी," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

२०११ च्या मोठ्या भूकंपानंतर त्या रेघा वैदेहीने ओढल्या होत्या. तीनशे बारा. का म्हणालो मी तसं? पदवी नसलेला तंत्रज्ञ म्हणून? पुस्तकं वाचून सगळं स्वतः शिकलो, हा तोरा माझाच ना?

संध्याकाळी ती चहा घेऊन आली. "काका, माझ्याबद्दल बरं बोललात ना? की नुसत्या चुका मोजल्यात?"

"बरंच बोललो." हे दुसरं खोटं.

तेवढ्यात छोटा धक्का बसला. सवयीने दोघंही वाकून रेघा बघू लागलो. एक तुटली होती. मी स्क्रू घट्ट केला.

"रेघ तुम्हीच ओढा काका, तुमचा हात स्थिर असतो."

ओढली. वाकडी आली.

उद्या नऊला त्या प्राध्यापकांकडे जायचं. सांगायचं, तीनशे अकरा रेघा वैदेहीच्या. ती एक वाकडी तेवढी माझी.