संध्याकाळच्या ताटाचा फोटो

इंदोरा, नागपूर
५ जानेवारी २०२५

चि. जयवंता हिस,
दादाचे आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतला, हे एका परीने बरंच झालं. त्या निमित्ताने मला पत्र लिहायला मिळतं. फोनवर "जेवलास का" आणि "ठेवतो" यांच्या मध्ये काही उरतच नाही.

थंडी छान पडली आहे. सकाळी बगिच्यात धुकं असतं आणि मला आपली भिवापूरची शाळा आठवते. घरी येताना मी कवितेची ओळ म्हणायचो, तू नुसता शेवटचा शब्द ओढत यायचीस, नाल्यापर्यंत. चौथीच्या पुस्तकातल्या कविता मला अजून सगळ्या येतात. दुसरं काही फारसं जमवलं नाही आयुष्यात.

आता मुद्द्याचं. दिवाळीत मला पायऱ्यांवर चक्कर आली, तेव्हा मेघाने सांगून टाकलं की बाबा, आणखी एकदा असं झालं तर घराला कुलूप आणि तुम्ही हैदराबादला, माझ्याकडे. लेक गुणाची आहे गं, पण नवव्या मजल्यावर राहते. तिथे मी खिडकीतून काय पाहू? तुझी प्रेमिला वहिनी गेल्याला तीन वर्षं झाली, तरी या घरात तिचं बोलणं भिंतींना लागून आहे. ते सोडवत नाही.

म्हणून ठरवलं, आजारीच पडायचं नाही. शंभरी गाठायची. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, मी बंदच केलं. बगिच्यातले मनोहरराव रोज चार लिटर पाणी पितात, तेही सुरू केलं. आणि पौर्णिमा-अष्टमीचा उपोसथ आता रोज पाळतो. दुपारी बारानंतर अन्न नाही.

अडचण एकच. मेघाला सायंकाळी सात वाजता माझ्या ताटाचा फोटो लागतो. मग एकदा छान ताट वाढलं, चार बाजूंनी फोटो काढून ठेवले. रोज एक पाठवतो. तिकडून रोज एक अंगठा येतो.

हे तुझ्या-माझ्यात राहू दे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बळीराम दादा


भिवापूर
१२ जानेवारी

ती. दादास,
जयवंताचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. वाचून हसू आलं आन् मंग राग आला. उपोसथ महिन्यातून चार दिवसाचा असते गा. रोज पाळाले तू काय भंतेजी झाला? तथागतानं उपास करून हाडं मोजली, मंग खीर खाल्ली आन् मध्यम मार्ग सांगितला. साऱ्या जगाले दिसला तो मार्ग, फक्त माह्या भावालेच दिसला नाही.

डॉक्टरनं कमी म्हटलं त तू बंदच काहून केलं? लहानपणी मास्तरनं धडा एकदा लिहाले सांगितला की तू पाच डाव लिहून नेत होता. तसाच राहिला तू.

आमच्या घरी सांजच्याले सगळे संगच बसतात. प्रशिक, सूनबाई, नातू. काल वांग्याची भाजी होती, झणझणीत. नातवाच्या नाकातून पाणी, तरी ताट सोडत नव्हता. मले भाकर जास्तच झाली. माणूस चार माणसांत बसला म्हंजे दोन घास आपोआप जातात, मोजा लागत नाहीत.

मेघाले खोटे फोटो नको धाडू. शंभर वर्ष जगून का फोटोच काढत बसशीन?

पोटभर जेव. माया अशीच राहू दे.

तुझी,
जयवंता


नागपूर
२४ जानेवारी

चि. जयवंता हिस,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

तुझं घर भरलेलं आहे, वाचून बरं वाटलं. थंडी छान पडली आहे.

प्रकृती उत्तम. अंग हलकं, अगदी सावरीच्या कापसासारखं. चालताना पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत, पण ते बरंच असावं. मनोहरराव म्हणतात, शरीर शुद्ध होत असताना असं होतं. पाणी आता पाच लिटरवर नेलं आहे.

एक गंमत. चारही फोटो आलटूनपालटून पाठवत होतो, एकदा आळसाने आदल्या दिवशीचाच पुन्हा पाठवला. मग दुसऱ्या दिवशीही तोच. असे नऊ दिवस झाले. नऊ दिवस तीच वाटी, तोच लिंबाचा तुकडा. रोज अंगठा आला. मी दुखावलो वगैरे नाही. पोरगी कामात असते. पण सात वाजले की मी फोन हातात धरून बसतो आणि अंगठा आला की दिवस संपतो.

रविवारी बगिच्यात हास्य क्लबच्या मंडळींनी कविता म्हणायचा आग्रह केला. आपली पाखरांची कविता म्हणायला उभा राहिलो. दोन कडवी म्हटली आणि तिसरं आलंच नाही. सगळे वाट पाहत होते. मी खाली बसलो. घरी येऊन प्रेमिलाला विचारलं, तीही काही बोलली नाही.

थंडी छान पडली आहे. तुला आठवतं का ते कडवं? कळव.

बळीराम दादा


नागपूर
८ फेब्रुवारी

चि. जयवंता हिस,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

आता पेन नीट धरता येतं, म्हणून लिहितो.

समोरच्या ओमप्रकाशने सगळं सांगितलं. तू त्याला फोन केलास, त्याचं एक अक्षर न ऐकता ओरडलीस, "माहा भाऊ कविता विसरला, दार तोडा लागलं तरी तोडा," आणि फोन ठेवून दिलास. तो बिचारा म्हणतो, "अंकल, मैं समझा आंटी का दिमाग सटक गया." तरी आला. मी न्हाणीत भिंतीला टेकून बसलो होतो म्हणे. मला काही आठवत नाही.

दवाखान्यात कळलं, रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. बीपीची गोळी लघवी वाढवणारी, वर पाच लिटर पाणी, मीठ नाही, एक वेळचं जेवण. डॉक्टर मेघाला म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर वाचले नसते. मी शंभर वर्षांच्या तयारीत होतो आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीच निघालो होतो.

मेघा पंधरा दिवसांची रजा काढून आली आहे. फोटोंचं मी स्वतःच सांगितलं. तिने मोबाइल उघडून ते नऊ फोटो एकाखाली एक पाहिले आणि रडली. म्हणाली, मीटिंगमध्ये असायचे बाबा, नुसतं ताट दिसलं की जिवाला बरं वाटायचं. मलाही तेव्हा रडू आलं.

आता ऐक. १६ तारखेची दोन तिकिटं तिने काढली आहेत. घरात कोणी राहणार असेल, सोबत जेवणार असेल, तरच माझं तिकीट रद्द करीन म्हणते. तिचं चुकत नाही. तू ये असं मी म्हणणार नाही. भरल्या ताटावरून, नातवाजवळून तुला कोणत्या तोंडाने उठवू? फक्त कळवतो आहे. पुढचं पत्र हैदराबादच्या पत्त्यावर टाक.

दादावरचा जीव कमी करू नकोस.

बळीराम


भिवापूर
१० फेब्रुवारी

ती. दादास,
जयभीम.

हे पत्र डाकेनं उशिरा पोचन म्हणून प्रशिकच्या दोस्ताच्या हातून धाडून राहिली. मेघालेही वाचून दाखव.

भरलं घर नाही गा माह्यं. प्रशिकले कळमेश्वरच्या कारखान्यात काम लागलं. दिवाळी झाली की सगळे तिकडंच गेले. दोन खोल्या आहेत त्याच्या, मी कुठं मावू? वांग्याची भाजी केली होती, खरं आहे. तीन दिवस तेच खाल्ली, चुलीजवळ उभ्यानं. एकटीसाठी ताट काहून घेवा? तू लिहिलं होतं तू मजेत आहेस, मंग मी काहून रडगाणं लिहू? तू फोटो धाडत होता मेघाले, मी पत्रात धाडत होती तुले.

तुले कविता आठवत नाही हे वाचलं न् मी तशीच फोन कराले धावली. लहानपणी शाळेच्या वाटेनं मी तुह्या तोंडून ते कडवं हजार डाव ऐकलं आहे.

मेघाले सांग, तिकीट रद्द कर. घर आवरून २२ले येतो मी. पण ऐकून ठेव, तुह्या बगिच्यात टाळ्या वाजवत हसाले मी येणार नाही. आन् सांजच्याले ताटावर बसा लागन, भूक असो का नसो.

जयवंता


नागपूर
१८ फेब्रुवारी

चि. जयवंता हिस,
दादाचे आशीर्वाद.

मेघा परवा एकटीच गेली. तू येईपर्यंत ओमप्रकाश रात्री इथेच झोपतो. काल सात वाजता तिने फोटो मागितला नाही, फोनच केला. "जेवलात का" विचारून झालं, तरी दोघांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.

एकट्याची कणीक मला मुठीने कळते. काल सराव म्हणून दोघांची मळायला बसलो, तर किती घ्यावी तेच समजेना. सहा पोळ्या झाल्या. दोन मी खाल्ल्या, मीठ घालून. दोन ओमप्रकाशला दिल्या. उरलेल्या दोन झाकून ठेवल्या आहेत. तू यायला चार दिवस आहेत आणि त्या शिळ्या होतील, हे कळतं मला. तरी ठेवल्या.

वाट पाहतो.

तुझा दादा