राजा नावाच्या कुत्र्यांची तात्पुरती अडचण

तीर्थस्वरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजावं, कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात फक्त मान हलवली.) तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधत असाल आणि दोन्ही वेळा धड जेवत असाल, अशी आशा आहे. ताई इकडे मजेत आहे. दोन दिवसांसाठी म्हणून आली, महिना होत आला. तुमच्यात काय बिनसलं ते मी एकदाही विचारलेलं नाही. ती मात्र रोज सांगते.

पत्र लिहायचं कारण तुमचा प्रोग्राम. माझ्या जनावरांच्या दवाखान्यातले सगळे पेशंट तुम्हीच कॉम्प्युटरवर चढवून दिलेत, ते उपकार मी विसरलेलो नाही. नाव टाइप केलं की कुत्रं समोर (म्हणजे त्याची माहिती, कुत्रं स्वतः टेबलाखाली). ताई आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन आला. मला वाटलं तिची चौकशी कराल. तुम्ही म्हणालात, "नवी आवृत्ती पाठवलीय, अपडेट करून टाक, काही होत नाही." मी केलं, आणि खरोखरच काही होईना. नाव टाइप करावं आणि बसून राहावं. पडद्यावर तुम्ही लिहिलेलं वाक्य यायचं : "जरा धीर धरा, काम चालू आहे." काउंटर सध्या ताईच सांभाळते. ते वाचून ती म्हणाली, "हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

मी मशीन बंद करून चालू केलं. मेमरी वाढवून घेतली. ताईच्या सल्ल्याने धूळ पुसली. त्याने मशीन स्वच्छ झालं. बाहेरच्या बाकावर माणसं आणि पिंजरे दाटीवाटीने बसायला लागले, आणि कासवाचे मालक सोडले तर सगळे माझ्यावर चिडले. त्यात 'राजा' टाइप केलं की मशीन कोसळायचंच. नव्या आवृत्तीत तुम्ही फोटोंची सोय केलीत, त्यामुळे त्या नावाच्या झाडून सगळ्या कुत्र्यांचे फोटो ते एकदम आणायला जायचं आणि वाटेतच मान टाकायचं. इथली निम्मी कुत्री राजा. तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत कुत्र्याला दुसरं नाव द्या, अशी मी मालकांना विनंती केली. बहुतेकांनी ऐकलं. एक निवृत्त हेडमास्तर तेवढे म्हणाले, "डॉक्टर, मी देईन हो. पण तो ओ देणार नाही."

इथवर मी सोसलं. मग शिवणकाम करणाऱ्या बाई त्यांची म्हातारी मांजर घेऊन आल्या. पाठीवर मोठं गळू होतं. इंजेक्शन भरून माझ्या हातात, आणि माहिती काही उघडेना. बाहेरून आवाज यायला लागले, टोचा आणि मोकळे व्हा. मी थांबलो. ताईने मांजर धरून ठेवली. बऱ्याच वेळाने लाल अक्षरं उमटली : हे औषध हिला चालत नाही, मागे श्वास अडकला होता. मी सुई खाली ठेवली. नंतर हात धुऊन मी नळ तसाच वाहता सोडला, तो ताईने बंद केला.

त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी आधी सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवली (तुमच्या सूचनांत हे नव्हतं). मग म्हणाल्या, अपडेटमध्ये शोधायची सूचीच उडालीय, म्हणून मशीन दर वेळी पहिल्या जनावरापासून एकेक चाळत बसतं. सूची पुन्हा बनवली, फोटो मागितल्याशिवाय येणार नाहीत असं केलं. चहा निवायच्या आत सगळं झालं.

"हे कुणी केलं होतं?"

"घरचेच आहेत," मी म्हणालो.

"मग काही बोलायला नको," त्या म्हणाल्या.

बाकी क्षेम. लोभ अपडेटनंतरही टिकून आहे.

तुमचा मेहुणा

ता.क. मशीन आता वाऱ्यासारखं पळतं. त्यासाठी येण्याची अजिबात गरज नाही.

आणखी एक ता.क. हे ताईलाही माहीत आहे. दिवसभर तीच त्यावर बसते. तरी काल भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "त्यांना लिही, मशीन अजून बिघडलेलंच आहे. त्यांच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." तेव्हा रविवारी या. पेचकस वगैरे पिशवीत असू द्या. अर्धा तास मशीनसमोर आठ्या घालून बसा आणि कृपा करून कशालाही हात लावू नका. मग मी "झालं वाटतं" म्हणेन, आणि ताई आत बॅग भरायला जाईल. तिला फार वेळ लागणार नाही. भरलेलीच आहे, मी पाहिली.