चिलटांवरची पैज

बेलापूर, ४ मे १९४६

आले एकदाची! पुण्याहून इथवर मांडीवर दोन बाटल्या — आत प्रयोगाची चिलटं. डब्यातल्या बायका सरकून बसल्या, मला ऐसपैस जागा! दारातच केशरआत्या: "कालिजात शिकली अन् घरात काय आनलं? चिलटं!"

५ मे

आबांना आणि आत्याला समजावलं. एका बाटलीतल्या चिलटांच्या क्रोमोसोमवर एक तुकडा चुकून दोनदा आलाय, म्हणून डोळा गोल नाही, नुसती उभी चीर. दुसरीतल्यांचा तुकडा गळालाय — त्यांच्या पंखाला खाच.

आत्या म्हणाली, "दुप्पट मिळालं तर डोळा मोठा व्हाया पायजे की!" तिथंच तर मौज आहे! जादा तुकडा डोळा वाढवत नाही, खातो. का, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. "आपल्या थोरल्या भावकीवानी," आत्या म्हणाली. "वाटनीत दुप्पट घेतलं अन् नजर बारीक झाली." हसून हसून पोट दुखलं.

कॉलेजातले सर म्हणालेत, सुट्टीभर ही चिलटं जगव, पुढच्या शिक्षणाला माझ्याकडे जागा. हे आबांना सांगितलं तेच चुकलं! लगेच पैज: "दोनी बाटल्या जगल्या तर शीक. न्हाई तर लोणीचं स्थळ बगायचं." आबा बोलले म्हणजे झालं.

९ मे

ऊन! बाटल्या माठाला टेकवून, ओल्या फडक्यात.

१५ मे

खाचवाली तगून आहेत. चीरडोळी मात्र तळाशी निपचित. रडू आलं. लोणीचा मुलगा वकील आहे म्हणे. असेना!

१६ मे

चीरडोळ्यांच्या बाटलीत एक उडतंय! भिंगातून पाहिलं — डोळा गोल! हजारात एखाद्याचा जादा तुकडा असा निसटतो आणि डोळा पूर्ववत होतो. आणि तो माझ्या बाटलीत! अशी किंचाळले की आत्या साप निघाला समजून काठी घेऊन धावली. सरांना पत्र लिहायला घेतलं.

१७ मे

पत्र फाडलं. आज नीट पाहिलं तर उडणारी सगळीच गोल डोळ्यांची. हजारात एक — ते एका रात्रीत सगळी? छे! माझी कधीच मेलीत. ही आपली घरची, केळ्यांवरची! कुणीतरी बाटलीचा बोळा काढून आत सोडलीत. आत्याला धरलं. "मी कशाला सोडू? मला तुज्या लग्नात मिरवायचंय!" खरं बोलत होती.

१८ मे

आबांनी सोडली होती! दोन दिवस सकाळभर केळीच्या सालींवर टपून बसले होते म्हणे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पैज तर लावून बसलो, लंके. आता हरायची कशी, ते कळंना."