वेराचा डावा पाय

११ जानेवारी, रविवार

तिनं लंगडी गाळली!

तीनदा मागं नेऊन पाहिलं. या बॅलेच्या पहिल्या अंकात शेतकऱ्याची पोरगी सगळ्या गावासमोर नाचते. तिथं डाव्या पायाच्या टोकावर लंगडी घालत रंगमंचाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचं असतं. वेरा साल्निकोवाचं ते जाणं मी बारा वर्षं पाहते आहे. या नव्या रेकॉर्डिंगमध्ये तिनं तिथं फिरक्या घेतल्या. सुंदर घेतल्या. पण लंगडी नाही!

बाकी प्रयोग – धूर फार. दुसऱ्या अंकात चोवीस पांढऱ्या भुतांचे पायच दिसेनात. बॅलेत पाय दिसले नाहीत तर पाहायचं काय? आईचा प्रसंग कापून टाकला. आई नुसत्या हातवाऱ्यांनी पोरीला सांगते – नाचू नको, मरशील – त्याच्याशिवाय पुढचं सगळं पोकळ वाटतं. नव्या दिग्दर्शकांना कसली घाई असते कोण जाणे. नायक देखणा, उडी उंच. उतरतो मात्र पोतं टाकल्यासारखा.

आई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. एकदम म्हणाली, "पाय दुखून राहिला तिचा."

"तुला कसं कळलं?"

"तोंडावरून."

मी तर तोंडाकडं पाहिलंच नव्हतं. पायाकडंच पाहत होते – उडीवरून उतरताना डावी टाच ती नीट टेकवत नाही. भार बाहेरच्या कडेवर घेते.

१३ जानेवारी, मंगळवार

बॅलेवाल्यांच्या ग्रुपवर तिला फाडून खाल्लं. वय झालं म्हणे. आळशी झाली म्हणे. आळशी – वेरा!

राहवलं नाही. लिहिलं: ही वयाची गोष्ट नाही, डाव्या पावलाच्या मधल्या हाडाला बारीक चीर असावी, उतरताना बघा.

एकानं विचारलं, तुम्ही डॉक्टर का? लिहिलं – नाही, एक्स-रे टेक्निशियन. कुठं? हिंगोली. मग हसणाऱ्या तोंडांची रांग.

नवीन काही नाही. आमचे डॉक्टर, सूर्यकांत सर, दवाखान्यात तेच म्हणतात – "जान्हवी, तू फोटो काढ. वाचायचं काम माझं." चौदा वर्षं झाली. हजारो पाय काढले. वाचायचा एकही नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज एक पोरगी आली. पुनम. जवळा बाजारची. सत्तावीस वर्षांची, काटक, केस करकचून बांधलेले. पोलीस भरतीची तयारी करते. उजवी नडगी दुखते म्हणाली. ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, २७ तारखेला.

फोटो काढला. साफ. सरांनी बोटानं दाबून पाहिलं, म्हणाले, "हाडाला काही नाही. वर सूज आहे. आठ दिवस आराम कर, मग पळ खुशाल."

पण ती टेबलावरून उतरली तेव्हा मी पाहिलं. पाऊल टेकवताना आधी बाहेरची कड टेकवली. थेट वेरा! आणि अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे फोटोत येतच नाही पुष्कळदा.

दारात तिनं मला गाठलं. "ताई, तुमाला काय वाटतं?"

"सरांनी सांगितलं ना."

"पुढच्या भरतीला माझं वय बसत न्हाई. हेच शेवटचं हाय."

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

१७ जानेवारी, शनिवार

मारीना नावाच्या नव्या पोरीचा हंसांचा बॅले पाहिला. पाय कानापर्यंत नेते. कानात काय सांगायचंय पायाला? बत्तीस फिरक्या मोजून बत्तीस, टाळ्यांवर टाळ्या – हंस एकदाही दिसला नाही. खरं म्हणजे माझंच लक्ष नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार

पुनम परत आली होती. आराम केलाच नाही तिनं! पेनकिलर घेऊन रोज पहाटे पळते. सर ऑपरेशनमध्ये होते. ती बाकावर बसून नडगी चोळत होती. मी चहा दिला आणि – का कोण जाणे – मोबाईलवर वेरा दाखवली.

बघतच राहिली. "अंगठ्यावर उभी हाय ही? इतका वेळ?"

"तीन वर्षांपूर्वी पायाचं बोट मोडलेलं असताना तीन अंक नाचली."

"अन् मग?"

"टाळ्या."

"अन् बोटाचं काय झालं?"

मला माहीतच नव्हतं! घरी येऊन तेव्हाची वही काढली. त्या दिवशी मी लिहिलंय – नाचावं तर असं! खाली दोन रेघा मारल्यात. लाज वाटली.

२३ जानेवारी, शुक्रवार

मी बरोबर होते!!

वेराच्या बॅले कंपनीनं जाहीर केलं – डावं पाऊल, मधल्या हाडाला चीर, सहा महिने रंगमंच बंद. अगदी तेच हाड! ग्रुपवर चाळीस-पन्नास जणांनी लिहिलं. हसलेल्या माणसानंही लिहिलं, हिंगोलीच्या बाई, माफ करा, तुमची नजर मानली.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या बाईचा पाय मोडला अन् तू हसून राहिली?"

हसत होते खरी.

पण मला दिसलं. बाकी कुणाला दिसलं नाही ते इथं बसून मला दिसलं. मग पुनमचंही –

२४ जानेवारी, शनिवार

सुट्टी टाकली. जवळा बाजारची बस धरली.

पुनमच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. तातेराव. गिरणी बंद करून पिठानं माखलेल्या हातानंच त्यांनी खुर्ची पुढं केली. मी उभ्यानंच सांगितलं, "तिला पळू देऊ नका. हाडाला चीर आहे. पळताना मोडलं तर आत रॉड घालावा लागेल."

"डॉक्टर तर पळ म्हणले."

"फोटोत सुरुवातीला दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसतं."

त्यांनी तिथंच एमआरआयसाठी नांदेडला फोन लावला. उद्या रविवार, परवा सव्वीस जानेवारीची सुट्टी. नंबर २९ तारखेचा मिळाला. ग्राउंडच्या दोन दिवसांनंतरचा.

पुनम भिंतीला टेकून उभी होती – सगळा भार डाव्या पायावर. दोन वर्षांपासून पहाटे चारला उठते, तातेराव सांगत होते. लग्नाची दोन स्थळं हिनंच परत पाठवली.

"बाबा, गप ऱ्हा," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहून, "तुमाला बराबर दिसतंय ना ताई? पक्कं?"

माझ्या डोळ्यांपुढं वेराचं पाऊल होतं.

"पक्कं," मी म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

आज काहीच पाहिलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून पोलीस ग्राउंडकडून भोंग्याचा आवाज येतोय. छातीवरचे नंबर पुकारतात. एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही, तरी ऐकू येतं.

अकराला तातेरावांना फोन केला. "घरीच हाय," म्हणाले. "न्हाई गेली. जेवली बी न्हाई. तुमचं ऐकलं तिनं."

माझं ऐकलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं. बरं वाटायला पाहिजे होतं.

दोन वाजता भोंगा थांबला.

२८ जानेवारी, बुधवार

सरांना कळलं. कुठून कळलं कोण जाणे. केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता काढून टाकतील.

म्हणाले, "मी तिची नडगी बोटानं दाबून पाहिली होती, जान्हवी. चीर असली तर एका जागी ठणका लागतो, पेशंट ओरडतो. तिला वरपासून खालपर्यंत सगळीकडं दुखत होतं. तू दाबून पाहिलंस का?"

नाही म्हटलं.

"मग कशावरून सांगितलंस?"

चालण्यावरून, असं म्हणणार होते. त्यांनी पुढच्या पेशंटची फाईल ओढली. ओरडले असते तर परवडलं असतं.

उद्या एमआरआय. चीर निघू दे, असं आज तीनदा मनात आलं. त्या लेकराचं हाड मोडकं निघावं म्हणून मी – !

३० जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. हाड साफ. चीर नाही, चिरेची सुरुवातही नाही. वरच्या वर सूज.

पुनमनंच फोन करून वाचून दाखवलं, एकेक शब्द. रडली नाही. मग विचारलं, "म्हंजे मी पळाले असते तर चाललं असतं ना ताई?"

"व्हय," म्हटलं.